खुर्चीतला कोल्हा

"त्या खुर्चीवर बसू नकोस," कोल्होबा म्हणाले.

"बसत नाहीये. झाडतेय," अक्का म्हणाल्या.

"झाडूही नकोस."

"मग काय, हात जोडून उभी राहू तिच्यापुढे?"

अक्का ही कोल्होबांची थोरली बहीण. चार दिवस राहायला म्हणून आल्या होत्या आणि आल्या क्षणापासून घराला शिस्त लावत होत्या. डब्यांना झाकणे मिळाली, पडद्यांना कड्या मिळाल्या, कोल्होबांना वेळेवर जेवण मिळू लागले. वेताच्या खुर्चीपाशी मात्र त्यांचे घोडे अडले होते. ती खुर्ची कोल्होबांच्या बायकोची. ती जाऊन वर्ष होऊन गेले, पण तेव्हापासून त्या खुर्चीवर कोणी बसले नव्हते. बसायच्या जागी वेत सैल पडून खळगा झाला होता आणि एका कडेला तुटलाही होता. वरच्या गादीमुळे ते दिसत नसे, एवढेच.

"अरे, वेत तुटलाय. मोडेल एक दिवस."

"कोणी बसलंच नाही तर मोडेल कशी?"

"खुर्ची बसायला असते रे."

"ही नाही."

त्या दिवशी खुर्चीला हात लावू न देण्याचे आणखी एक कारण होते, पण ते अक्कांना सांगायची सोय नव्हती. खुर्चीत कोल्हा होता.

कोल्हा म्हणजे साबणाच्या डबीएवढा रेडिओ ट्रान्समीटर. शहरात हौशी रेडिओवाल्यांचा एक क्लब होता आणि वर्षातून एका रविवारी सकाळी त्यांची शिकार असे. एकाने कोल्हा लपवायचा. तो थोड्या थोड्या वेळाने हवेत एक शिट्टी सोडतो. नुसत्या कानाला ती ऐकू येत नाही, रिसीव्हरवर येते. बाकीच्यांनी हातात अँटेना घेऊन फिरायचे. ती ज्या दिशेला धरल्यावर शिट्टी सगळ्यांत मोठी येईल, त्या दिशेला कोल्हा. नकाशावर तशी रेघ मारायची, मग दुसरीकडे जाऊन दुसरी मारायची. रेघा एकमेकींना जिथे छेदतात तिथे जाऊन जो कोल्ह्याला पहिला हात लावेल, तो जिंकला. बाराच्या भोंग्यापर्यंत कोणालाच सापडला नाही, तर लपवणारा जिंकला.

लपवायचे काम इतकी वर्षे एकाच माणसाकडे होते, म्हणून त्याचे नाव कोल्होबा पडले. त्यांचा कोल्हा अजून कोणाला वेळेत सापडला नव्हता. एकदा त्यांनी तो दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पाटीमागे चिकटवला होता, आणि त्या दिवशी स्वतः डॉक्टर गावाबाहेरच्या टेकडीवर झुडपे उचकटत होते.

यंदा कोल्होबांनी तो स्वतःच्या घरात लपवला. हिशेब सोपा होता. खेळावर लक्ष ठेवणारा वॉकीटॉकीही त्यांच्याच घरी, म्हणजे नियंत्रण तिथेच. कोणाची रेघ घरावर आली की तो म्हणणार, हा नियंत्रणाचा आवाज मध्ये घुसतोय, सोडा. आणि एखादा घरात शिरलाच, तरी त्या खुर्चीला हात लावायची त्याची छाती होणार नाही. हा दुसरा विचार मनात आला तेव्हा कोल्होबांना जराशी लाज वाटली. पण बायको असती तर हसली असती, असे म्हणून त्यांनी कोल्हा गादीच्या खोळीत सारला आणि त्याची तार वेताच्या विणीत ओवून टाकली. मग वॉकीटॉकी, नकाशा आणि चहाचा थर्मास घेऊन ते गच्चीवर गेले. शिट्टी ऐकायचा रिसीव्हर मात्र नियमाप्रमाणे खाली कपाटात ठेवला. एका वर्षी नियंत्रणाच्या माइकमधून कोल्ह्याचीच शिट्टी सगळ्यांना ऐकू गेली होती, तेव्हापासूनचा तो नियम.

ते वर गेले आणि खाली गल्लीत आरोळी आली, "खुर्च्या विणायच्याऽऽ, वेताच्या खुर्च्याऽऽ!"

अक्कांनी छताकडे पाहिले. वरून आवाज येत होता, "नियंत्रण तयार आहे. ओव्हर." आता बाराशिवाय हा माणूस खाली उतरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दार उघडले.

"संध्याकाळपर्यंत होईल?"

"होईल की, बाई."

"जुना वेत सगळा काढायचा हं. अर्धवट ठेवलात तर पुन्हा सैल पडेल."

"मुळापासून कापून टाकतो."

"आणि ही गादी?"

"राहू द्या बांधलेली. मापाला बरी."

विणणाऱ्याने खुर्ची सायकलच्या मागे उलटी बांधली आणि तो पुढच्या गल्लीत आरोळी देत निघाला. भाऊ संध्याकाळी कोरी खुर्ची बघून काय म्हणेल, या विचाराने अक्कांनी भाजीही जास्त मनापासून चिरली.

गच्चीवर पहिला आवाज मास्तरांचा आला. मास्तर शाळेत भूमिती शिकवत आणि शिकारीला सायकलवरून जात.

"नियंत्रण, मैदानातून पहिली रेघ मारली. तुमच्याच घरावरून जातेय. ओव्हर."

"अहो मास्तर, तो माझाच आवाज असणार."

"मलाही तसंच वाटलं. खोडून टाकतो. ओव्हर."

कोल्होबांनी स्वतःशीच हसून कपभर चहा ओतला.

"नियंत्रण, मी डॉक्टर. माझी रेघ बाजाराकडे जातेय."

"बाजार?" मध्येच वकीलबाईंचा आवाज आला. त्या कोर्टात बोलत तशाच वॉकीटॉकीवर बोलत, म्हणजे दुसऱ्याचे संपायच्या आत. "माझी तर पाण्याच्या टाकीकडे जातेय. डॉक्टर, तुम्ही अँटेना उलटी धरलीय."

"मी रोज लोकांच्या तोंडात आरसा धरून उलटं काम करतो. मला उलटं-सुलटं शिकवू नका. ओव्हर."

"आत्ता बाजाराकडे होती, आता देवळाकडे सरकली," मास्तर म्हणाले. "कोल्होबा, कोल्हा हलतोय का?"

"हलेल कसा? जिथे ठेवलाय तिथेच आहे. नियंत्रण शब्द देतंय."

"शब्द देताय?" वकीलबाई म्हणाल्या. "लक्षात ठेवीन."

"खुशाल ठेवा."

"मग रेघा छेदत का नाहीत?" मास्तर कळवळून म्हणाले. "समांतर नसलेल्या रेघा छेदल्याच पाहिजेत. हे भूमितीच्या विरुद्ध आहे."

"छेदतील, मास्तर. अनंतात छेदतील."

"तिथपर्यंत जायला माझ्या सायकलीत हवा नाही. ओव्हर."

कोल्होबांना इतके हसू आले की चहा सांडला. बायको गेल्यापासून ते असे हसले नव्हते. तिघे अनुभवी शिकारी तीन दिशांना धावत होते आणि कोल्हा खाली गादीत निवांत बसला होता. यंदाची जागा सगळ्यांत भारी, असे त्यांना वाटले. पुसायला फडके आणावे म्हणून ते जिना उतरले आणि खोलीच्या दारातच थांबले.

खुर्चीच्या जागी फरशीवर चार पायांच्या चार खुणा होत्या.

"अक्का, खुर्ची कुठाय?"

"संध्याकाळी बघशील. ओळखू येणार नाही अशी होऊन येईल."

"कुठून येईल?"

"विणायला दिली."

"कोणाला?"

"विणणाऱ्याला. सायकलवर आला होता."

"नाव काय त्याचं? राहतो कुठे?"

"अरे, खुर्ची दिली, मुलगी नाही दिली पत्ता विचारायला!"

"आणि जुना वेत?"

"सगळा कापायला सांगितलाय," अक्का म्हणाल्या, आणि भावाचा चेहरा बघून शेवटचा शब्द त्यांनी अर्धाच म्हटला.

ट्रान्समीटर कोल्होबांना नंतर आठवला. आधी आठवला तो खळगा. एका माणसाने रोज संध्याकाळी बसून बसून तो पाडलेला होता. फोटो होते, साड्या होत्या, चष्मा होता. पण त्या सगळ्या ठेवलेल्या वस्तू. खळगा तिने केलेला होता. तो कापला की गेला. पुन्हा करणार कोण?

"मला आधी सांगायचंस ना," अक्का हळू आवाजात म्हणाल्या.

"सांगितलं होतं. बसू नकोस म्हटलं, झाडू नकोस म्हटलं."

"विणायला देऊ नकोस असं कुठे म्हणालास?"

कोल्होबा धावत गच्चीवर गेले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"सगळ्या शिकाऱ्यांना सूचना. कोल्हा हलतोय. कोल्हा सायकलवर आहे. खेळ थांबवा. सायकलला खुर्ची बांधलेला माणूस दिसला तर त्याला धरून ठेवा. ओव्हर."

उलट तिघांचेही हसणे एकदमच आले.

"वा, कोल्होबा!" डॉक्टर म्हणाले. "फारच जवळ आलो वाटतं आम्ही?"

"आत्ताच शब्द दिलात, हललेला नाही म्हणून," वकीलबाई म्हणाल्या. "पहिली साक्ष खोटी की दुसरी?"

"अहो, खरंच सांगतोय. माझ्या घरातली खुर्ची आहे हो ती."

"गेल्या खेपेला म्हणालात, तुमच्या घरातली बादली हरवलीय," मास्तर म्हणाले. "सबंध सकाळ मी बादली शोधली. ओव्हर."

कोणाची खुर्ची, एवढे एक वाक्य बोलले असते तर तिघांनी अँटेना टाकून धाव घेतली असती. कोल्होबांनी तोंड उघडले, माइकचे बटण दाबले, आणि पुन्हा सोडले. ते वाक्य काही हवेत सोडवेना.

आता शोधायला स्वतःच जाणे भाग होते. त्यांनी कपाटातला रिसीव्हर काढला, स्कूटर काढली आणि अक्कांना मागे बसवून त्यांच्या हातात अँटेना दिली.

"हे काय? माशाचा काटा?"

"फिरव ते. शिट्टी कुठे मोठी येते सांग."

"इकडे."

"इकडे म्हणजे? मला पाठीला डोळे आहेत का?"

"माझ्या सासरच्या दिशेला."

"तुझं सासर पार दुसऱ्या गावात आहे!"

"तिकडेच रे. तिथून येणारा आवाज मी झोपेतही ओळखते. वळव!"

कोल्होबांनी स्कूटर वळवली. थोडे पुढे गेल्यावर अक्का म्हणाल्या की आता शिट्टी मागून येतेय; पुन्हा वळवली तेव्हा कळले की अक्काच मागे वळून बसल्या आहेत. एका अरुंद गल्लीत दोरीवर वाळत घातलेला टॉवेल अँटेनेला अडकून आला. टॉवेलचा मालक उघड्या अंगाने ओरडत मागे धावू लागला.

"धावू नका हो, लागेल कुठेतरी," अक्कांनी मागे बघून सांगितले. "काम झालं की देते."

"थांबून देऊ या का?" कोल्होबांनी विचारले.

"थांबू नकोस. खुर्ची कापतील."

स्वतःची चूक दुरुस्त करायची तर अक्का अर्धवट करत नसत.

आणि मग शिट्टी स्थिर झाली. अक्का दोनदा, तीनदा काटा फिरवून बघत होत्या. आवाज एकाच दिशेने येत होता. विणणारा घरी पोहोचला होता. म्हणजे आता सुरी निघणार होती. खांद्याला लटकलेल्या वॉकीटॉकीतून मास्तरांचा आवाज फुटला, "छेदल्या! रेघा छेदल्या!" कोल्होबांनी स्कूटर अशी पिळली की अक्कांनी एका हातात टॉवेल, एका हातात अँटेना आणि दातांत पदर धरला.

विणणाऱ्याचे घर गल्लीच्या टोकाला होते. बाहेर ओटा, ओट्यावर भिजत घातलेला वेत, भिंतीवर बैठक नसलेल्या खुर्च्यांचे सांगाडे टांगलेले. डॉक्टरांची गाडी, वकीलबाईंची स्कूटर आणि मास्तरांची सायकल कोल्होबांच्या स्कूटरबरोबरच येऊन धडकल्या. सगळे ओट्यावर चढले. दारात विणणारा उभा होता. एका हातात आखूड सुरी होती आणि दुसऱ्या हाताचे बोट ओठांवर.

"शूऽऽ!"

"कापलीत?" कोल्होबांनी धापा टाकत विचारले.

"कापतोय कुठे! आई बसलीय."

आत खुर्चीत एक म्हातारी गाढ झोपली होती. तोंड उघडे, पाय लांब केलेले.

"गुडघ्यांपायी झोप नाही तिला," विणणारा दबक्या आवाजात म्हणाला. "खुर्ची उतरवली, मी सुरी शोधतोय तोवर बसली आणि डोळा लागला. आता उठवली तर दिवसभर मलाच ऐकवील. तुम्ही कोण?"

"मी खुर्चीचा मालक."

"आणि हे?"

"हे शिकारी."

विणणाऱ्याने तिघांच्या हातातले काटे पाहिले. "कसली शिकार?"

"कोल्ह्याची."

"इथे कोल्हा नाही, साहेब."

"आहे हो. तुमच्या आईच्या खाली आहे."

विणणाऱ्याने सुरीवरची मूठ जरा घट्ट केली. "तुम्ही सगळे उन्हातून आलाय. पाणी देतो. बसा."

"नियमात 'हात लावणे' असं आहे," वकीलबाई कुजबुजल्या. "अलगद गादीच्या कडेला बोट लावलं तरी चालेल."

डॉक्टरांनी ताबडतोब बोट पुढे केले. झोपलेल्या माणसाच्या तोंडाजवळ हात नेण्याची त्यांना सवयच होती.

"कोणी हात लावायचा नाही," कोल्होबा म्हणाले. "झोपू द्या त्यांना."

हे आपणच म्हणालो, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले. अक्काही त्यांच्याकडे बघत राहिल्या. वर्षभर ज्या खुर्चीवर त्यांनी धूळ झाडू दिली नाही, तिच्यात एक अनोळखी बाई घोरत होती आणि त्यांना राग येत नव्हता. खुर्ची अशी भरलेली त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिली होती.

मग सगळे ओट्यावर रांगेने बसले. टॉवेलवालाही पोहोचला. त्याने टॉवेल घेतला, अंगावर गुंडाळला, आणि एवढे लोक कशाची वाट बघतायत हे कळल्याशिवाय जायचे नाही असे ठरवून तोही बसला. विणणाऱ्याने सगळ्यांना पाणी दिले. रिसीव्हरवर शिट्टी वाजत होती, ती वकीलबाईंनी बटण फिरवून बंद केली.

बाराचा भोंगा झाला आणि म्हातारी दचकून जागी झाली.

"काय रे, इतके लोक कशाला आलेत? मी गेले की काय?"

"नाही, आई. कोल्हा शोधायला आलेत."

"जिंकलो!" कोल्होबा सवयीने म्हणाले. "भोंगा झाला. कोणी हात लावला नाही."

"हरकत आहे," वकीलबाई उभ्या राहिल्या. "भोंगा होण्याआधीपासून कोल्ह्याला स्पर्श होता. आजींचा. हातच लावला पाहिजे असं म्हणाल तर त्यांचा उजवा हात गादीवर होता, माझे दोन साक्षीदार आहेत."

"पण त्या क्लबात नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"आत्ता घेऊ."

मास्तरांनी गंभीरपणे पुढे होऊन हात जोडले. "आजी, अभिनंदन. तुम्ही शिकार जिंकलात."

"मी तर झोपले होते."

"आमच्यापैकी कोणालाच ते सुचलं नाही."

म्हातारीला यातले काही पटले नाही. ती मुलाचा हात धरून उठली. "खुर्चीला गुण नाही बाबा. खालून टोचतं ते टोचतंच, वर माणसाला डावीकडे पाडते. किती सरळ बसा, आपण आपलं डावीकडे."

कोल्होबांनी गादी सोडली, खोळीतून कोल्हा काढला आणि मास्तरांच्या हातात दिला. मग ते खुर्चीपुढे उकिडवे बसले. गादीखालचा वेत त्यांनीही वर्षभरात नीट पाहिला नव्हता. सकाळी घाईने तार ओवली, तेवढेच. खळगा मधोमध नव्हता. तो चांगला डाव्या बाजूला होता. खुर्चीच्या डाव्या हातावरचा वेत झिजून काळा पडला होता, आणि उजवा हात नवा असल्यासारखा पिवळा होता.

घरी खुर्चीच्या उजव्या हाताला खिडकी होती. तिला रस्ता बघत बसायला आवडते, असे ते सगळ्यांना सांगत. ती गेल्यावर भेटायला आलेल्यांनाही त्यांनी तेच सांगितले होते. डाव्या हाताला त्यांचे रेडिओचे टेबल होते. तिथे ते रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून, कानांवर हेडफोन चढवून, लांबलांबची स्टेशने शोधत बसत.

"काय झालं?" मास्तरांनी विचारले.

"काही नाही. माझी एक रेघ चुकली होती."

"किती अंशांनी?"

"पार उलटी."

मास्तरांनी कोल्हा हळूच खिशात ठेवला. विणणारा मात्र सुरी घेऊन ताटकळला होता.

"मग कापू की नको? असाच ठेवलात तर पुढचा माणूस थेट जमिनीवर जाईल, सांगून ठेवतो."

अक्कांनी बोलायला तोंड उघडले आणि त्यावर पदर धरला.

"कापा," कोल्होबा म्हणाले. "नवा विणा. फक्त डावीकडे जरा सैल ठेवा."

"सैल?" विणणारा त्यांच्याकडे बघतच राहिला. "लोक घट्ट करून मागतात, साहेब. सैल वीण टिकत नाही. पुन्हा तक्रार घेऊन याल."

"तक्रार नाही करणार."

"बसणार कोण हिच्यात?"

"मी."

"मग बसा एकदा. किती सैल, कुठे सैल, माप घेतो."

कोल्होबा उठले. सगळे बघत होते, म्हातारीसुद्धा. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि ते सावकाश खाली टेकले; पाठ ताठ, गुडघे जुळलेले, फोटो काढायला बसल्यासारखे.

"असं कोण बसतं?" विणणारा वैतागून म्हणाला. "असं ताठ बसलात तर माप कसलं घेऊ? जरा रेला की."

कोल्होबा डावीकडे रेलले.